बारा महिन्यांची व्हिजिट

अमेरिकेतल्या आमच्या ऑटिझमच्या स्टडीत येणारी बाळं सहा महिन्यांची असतात आणि प्रत्येकाला एक मोठं भावंड असतं ज्याला ऑटिझम आहे. भावंडंच का, असं पहिल्यांदा ऐकणारे सगळेच विचारतात. हिशोब साधा आहे. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, एप्रिल २०२५ मध्ये जो रिपोर्ट काढला त्यात आठ वर्षांच्या मुलांमध्ये ३१ पैकी एकाला ऑटिझम असं आलंय, म्हणजे कुठलीही हजार बाळं जन्मापासून फॉलो केली तर त्यातल्या तीसेक जणांना पुढे निदान होणार, आणि हजार बाळं फॉलो करायला कुणाकडे पैसे आहेत? पण मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्यांमध्ये हे प्रमाण पाचात एकाच्या घरात जातं. २०११ सालच्या एका मोठ्या अभ्यासात १८.७ टक्के आलं होतं, २०२४ मध्ये दीड हजारांहून जास्त बाळांवर परत मोजलं तर २०.२ टक्के. म्हणजे शंभर बाळं घेतली तरी वीसेक जणांचं सगळं अगदी सुरुवातीपासून बघायला मिळतं, लक्षणं दिसायच्या कितीतरी आधीपासून.

बघायचं कसं, तर बाळ सहा महिन्यांचं असताना एकदा, मग बारा, अठरा, चोवीस आणि शेवटी छत्तीस महिन्यांना. छत्तिसाव्या महिन्यात निदान आहे की नाही ते बऱ्यापैकी खात्रीने कळतं, आणि मग मागे जाऊन बघायचं की सहा-बारा महिन्यांत मेंदूच्या लहरींमध्ये, नजरेत, हाकेला दिलेल्या प्रतिसादात काही वेगळं होतं का. म्हणजे आज जो डेटा गोळा करतोय त्याचा अर्थ दोन-अडीच वर्षांनी लागणार. अमेरिकेत निदान साधारण चार वर्षांच्या आसपास होतं, आणि आईबापांना शंका मात्र फार आधी आलेली असते. ती मधली वर्षं कमी करता येतील का, यासाठी हा सगळा खटाटोप.

पेपरमध्ये व्हिजिटचं वर्णन दोन ओळींत संपतं. प्रत्यक्षात काय चालतं ते सांगते. ईईजीची, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजायची, १२८ सेन्सर असलेली टोपी पोटॅशियम क्लोराइडच्या पाण्यात बेबी शॅम्पूचे थेंब घालून भिजवायची, बाळाच्या डोक्यावर चढवायची, आणि बाळाने ती ओढून काढायच्या आत जेवढं रेकॉर्डिंग मिळेल तेवढं पदरात पाडून घ्यायचं. कुणीतरी समोर साबणाचे फुगे उडवतंय, कुणीतरी मॉनिटरकडे बघून अजून थोडं, अजून थोडं म्हणतंय, आई बाळाला मांडीवर घेऊन स्वतःच श्वास रोखून बसलीये. मग आय-ट्रॅकर, बाळाची नजर कुठे जाते ते टिपणारं यंत्र. मग ऑटिझमची लक्षणं तपासणारी एडॉस नावाची टेस्ट, त्यात लहान मुलांसाठी वेगळा मोड्यूल आहे, नाव घेऊन हाक मारायची, हातातलं खेळणं मधेच अडवायचं आणि बाळ आपल्या चेहऱ्याकडे बघतं की फक्त हाताकडे ते टिपायचं, बाहुलीला खोटी खोटी आंघोळ घालायची. बघणाऱ्याला वाटतं नुसता खेळ चाललाय. पण त्याचं स्कोअरिंग रिसर्चला चालेल असं करायचं तर ठरलेल्या स्कोअरशी तुमचं किमान ८० टक्के जुळलं पाहिजे, आणि तिथपर्यंत पोचायला चांगल्या माणसालाही महिने लागतात. एवढं सगळं करून त्या दिवशी बाळाचे दात येत असतील तर अर्धा डेटा टाकून द्यायचा. मला हे काम फार आवडतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे बरीच कुरकुर येणार आहे.

तर मुद्दा असा की प्रत्येक व्हिजिटला एक मुदत असते. दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे चालतात. बाळ आजारी पडलं, बापाला सुट्टी मिळाली नाही, बर्फ पडला, मुदत गेली की ती व्हिजिट कायमची गेली. चौदा महिन्यांच्या बाळाला आणून बारा महिन्यांचं म्हणता येत नाही, त्या वयात एका महिन्यात मूल चालायला लागतं, बोट दाखवायला लागतं, आणि बोट दाखवणं हेच तर आम्ही मोजत असतो. आता हेच पैशांना लावून बघा. उंदरांवर काम करणारा माझा एक मित्र आहे, त्याची ग्रांट, म्हणजे रिसर्चसाठी मिळणारा निधी, चार महिने लांबली तर त्याचेही हाल होतातच, उंदरांना खायला घालावं लागतंच, पण शेवटी त्याला उंदरांची पुढची पिढी मिळते. आमच्याकडे जे बाळ ऑक्टोबरात बारा महिन्यांचं झालं ते फेब्रुवारीत परत बारा महिन्यांचं होत नाही. पुढे सगळेच्या सगळे पैसे व्याजासकट मिळाले तरी ते भोक बुजत नाही.

आणि पैसे येतात कुठून? बाहेरच्यांना वाटतं युनिव्हर्सिटी देते. युनिव्हर्सिटी खोली देते, आणि त्या खोलीचाही खर्च ग्रांटमधून वसूल करते. अमेरिकेत ऑटिझमच्या रिसर्चचा सगळ्यात मोठा पोशिंदा म्हणजे एनआयएच, ही सरकारी आरोग्य-संशोधन संस्था, आणि खाजगीत सायमन्स फाउंडेशनसारख्या संस्था. एनआयएचची जी मुख्य ग्रांट, आर-झिरो-वन, ती साधारण चार-पाच वर्षांची असते. तिचा एक सुटसुटीत प्रकार आहे ज्यात वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मागता येतात, आणि गंमत म्हणजे हा अडीच लाखांचा आकडा १९९९ पासून तोच आहे, तेव्हापासून पगार, भाडी, विमा सगळं कुठल्या कुठे गेलं, हा आकडा जागचा हललेला नाही. त्यात कोऑर्डिनेटरचा पगार, टेस्ट करणारी सायकॉलॉजिस्ट, एक-दोन नुकतीच कॉलेज संपवलेली मुलं, आणि जी कुटुंबं तासन्‌तास गाडी चालवून येतात त्यांचा पेट्रोलचा आणि वेळेचा मोबदला. माझ्यासारख्यांचा पगारही बऱ्यापैकी त्यातूनच. याला इथे सॉफ्ट मनी म्हणतात. त्यात सॉफ्ट काय आहे ते मला अजून कळलेलं नाही.

अर्ज केला की तो तुमच्याच क्षेत्रातल्या लोकांच्या समितीपुढे जातो, तीनेक जण नीट वाचतात, मार्क देतात, साधारण अर्ध्या अर्जांवर तर चर्चाच होत नाही. मग पर्सेंटाइल येतो, म्हणजे बाकीच्या अर्जांच्या तुलनेत आपला नंबर, मग एनआयएचची सल्लागार काउन्सिल, मग बजेट पास झालंय की नाही, मग नोटीस. सगळं सुरळीत असतानासुद्धा अर्ज ते पैसे यात नऊ-दहा महिने सहज जातात, आणि पहिल्या फटक्यात मिळाली नाही, जे बहुतेकांचं होतं, तर दुरुस्त करून परत पाठवायची आणि परत तेवढेच महिने. पहिली आर-झिरो-वन मिळेपर्यंत लोक चाळिशी ओलांडतात. म्हणजे अनिश्चितता ही आमच्याकडे नवीन नाही, तिची सवय होती. पण ती ठराविक अनिश्चितता होती, असं म्हणा हवं तर. फेब्रुवारी, जून, ऑक्टोबर अशा तारखा ठरलेल्या, हरलो तर का हरलो ते लिहून मिळायचं, आणि एकदा मिळाली की दरवर्षी प्रोग्रेस रिपोर्ट नीट दिला तर पुढच्या वर्षाचे पैसे येणारच असं सगळे धरून चालायचे. त्या "येणारच"वर आम्ही बाळं घेत होतो. सहा महिन्यांच्या बाळाला स्टडीत घेणं म्हणजे अडीच वर्षांचा शब्द देणं.

२०२५ मध्ये तो "येणारच" गेला. जानेवारीत समित्यांच्या मीटिंगच रद्द व्हायला लागल्या. कारण ऐकाल तर हसाल, या मीटिंगची सूचना आधी फेडरल रजिस्टर या सरकारी राजपत्रात छापून यावी लागते आणि ते छापणंच थांबवलेलं होतं. ७ फेब्रुवारीला जाहीर झालं की युनिव्हर्सिट्यांना वरखर्चापोटी जे मिळतं ते सरसकट १५ टक्क्यांवर आणणार, कुठे ते ५० टक्क्यांच्या वर होतं. कोर्टाने ते अडवलं, पण तोपर्यंत कित्येक युनिव्हर्सिट्यांनी भरती थांबवली, पीएचडीच्या जागा कमी केल्या. मग चालू ग्रांट्स रद्द व्हायला लागल्या, दोन हजारांहून जास्त, त्याच्यावर केसेस झाल्या, ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की सुमारे ७८ कोटी डॉलरच्या त्या ग्रांट्स सध्या तरी रद्दच राहू शकतात. पुढच्या वर्षासाठी एनआयएचच्या बजेटला सुमारे ४० टक्के कात्री लावायचा प्रस्ताव होता तो वेगळाच. शिवाय एक फारसं कुणाच्या लक्षात न आलेलं प्रकरण, नव्या ग्रांट्सपैकी बऱ्याच जणांना सगळ्या वर्षांचे पैसे एकदम पहिल्याच वर्षी द्यायचे असं ठरलं. ऐकायला छान वाटतं ना? पण तिजोरी तेवढीच, एकाला पाच वर्षांचे एकदम दिले की बाकीच्या चौघांना काही उरत नाही. आणि मग १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत ४३ दिवस सरकारच बंद.

आमचं स्वतःचं काय झालं ते नावं न घेता सांगते. चालू ग्रांट संपत आली होती, पुढची ज्यांच्याकडे मागितली होती तिथून ना हो ना नाही, नुसतं भिजत घोंगडं. युनिव्हर्सिटीकडून काही महिन्यांचे तात्पुरते पैसे मिळाले, पण ते पूर्ण टीमला पुरणारे नव्हते. आमची कोऑर्डिनेटर त्याच सुमारास सोडून गेली. एका विमा कंपनीत लागली, पगार जास्त, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वर्षी नोकरी असेल का हा प्रश्न नाही. मी तिला थांब म्हणाले नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

लोकांना वाटतं कोऑर्डिनेटर म्हणजे अपॉइंटमेंट घेणारी बाई. हिला प्रत्येक घर माहीत होतं. कुठल्या घरी मोठ्या मुलाला दाराची बेल सहन होत नाही म्हणून आधी मेसेज करायचा, कुठली आई नाइट शिफ्ट करते म्हणून सकाळी अकराच्या आत फोन करायचा नाही, कुठल्या बाळाला निळा फुगा दाखवला की रडायला लागतं. हे कुठल्याही डेटाबेसमध्ये नाही. आमच्यासारख्या स्टडीत कुटुंबं टिकली तर सगळं टिकतं, पाच व्हिजिटपैकी दोन चुकल्या की ते बाळ अॅनालिसिसमधून जवळपास गळतंच, आणि कुटुंबं टिकतात ती आमच्या हायपॉथिसिसमुळे नाही, फोनवरच्या ओळखीच्या आवाजामुळे टिकतात. ती गेल्यावर जे रिशेड्युलिंग व्हायला लागलं त्यात बारा महिन्यांच्या व्हिजिट सगळ्यात जास्त गेल्या. नव्या माणसाला शिकवायला वेळ लागतो आणि नवा माणूस घ्यायला बंदी होती.

लॅबमधल्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतर आमच्याकडे रिसर्च करणाऱ्या मुलीची, गोष्ट अजून वेगळी. ती व्हिसावर आहे. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर देश सोडायचा. अशा माणसाला "काळजी करू नकोस, काहीतरी होईल" असं म्हणणं मला क्रूर वाटतं, म्हणून मी तिला दर महिन्याला बजेटची एक्सेल शीटच दाखवायला लागले, कुठल्या अकाउंटमध्ये किती आहे, तुझा पगार कुठपर्यंत जातो. आमच्याकडे असं करत नाहीत, बॉसने पैशांचं पोरांना सांगायचं नाही असा एक अलिखित नियम आहे. तिला नंतर झोप जरा बरी लागायला लागली म्हणते. मला लागेना झाली ते सोडा.

या सगळ्यात विचित्र भाग असा की त्याच वर्षी ऑटिझम रोज बातम्यांमध्ये होता. पैसे नाहीत म्हणावं तर पैसेही होते. डिसेंबर २०२४ मध्ये ऑटिझम केअर्स कायदा परत मंजूर झालेला, पाच वर्षांत जवळपास दोन अब्ज डॉलर खर्च करायला परवानगी देणारा (परवानगी आणि प्रत्यक्ष पैसे यात इथे फार अंतर असतं, ते असो). एप्रिलमध्ये आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनिअर म्हणाले की सप्टेंबरपर्यंत ऑटिझमचं कारण कळलेलं असेल. मी तेव्हा मीटिंगमध्ये होते, कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं आणि कुणीच हसलं नाही, कारण ज्या बाळांचा डेटा त्या आठवड्यात घेत होतो त्यांचं निदान २०२७ मध्ये कळणार होतं. मग पाच कोटी डॉलरचा एक नवा उपक्रम जाहीर झाला, मोठमोठे डेटासेट जोडून उत्तरं शोधायची, अर्ज करायला जेमतेम महिना. सप्टेंबरमध्ये १३ प्रोजेक्ट निवडले गेले. खरं सांगायचं तर निवडलेली कामं वाईट नाहीत, त्यातल्या काही लोकांबद्दल मला आदर आहे. पण ते सगळे डेटासेट आधी कुणीतरी वर्षानुवर्षं एकेक बाळ, एकेक थुंकीचा नमुना करत गोळा केलेले आहेत. गोळा करणाऱ्यांचा पगार थांबवून गोळा झालेल्याच्या अॅनालिसिसला पैसे द्यायचे, हे किती वर्षं चालणार?

ज्या दिवशी ते १३ प्रोजेक्ट जाहीर झाले त्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, व्हाइट हाउसमधून सांगण्यात आलं की गरोदर बायकांनी टायलेनॉल घेऊ नये, त्याने मुलाला ऑटिझमचा धोका वाढू शकतो. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉल. माझा फोन दोन दिवस वाजत होता. मावशीच्या सुनेपासून ते शाळेतल्या मैत्रिणीच्या नणंदेपर्यंत, कुणी सहाव्या महिन्यात, कुणी आधीच मूल झालेली आणि आता मागचं आठवून रडणारी, "ताई, मी ताप होता म्हणून दोन गोळ्या घेतल्या होत्या गं." तिला मी स्वीडनच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २०२४ मध्ये आलेला, २४ लाख ८० हजार मुलांचा. नुसती आकडेवारी बघितली तर गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांमध्ये ऑटिझम किंचित जास्त दिसतो. पण मग त्यांनी सख्खी भावंडं घेतली, एकाच्या वेळी आईने गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही, आणि तो किंचितसा फरक नाहीसा झाला. कारण ज्या आया गोळ्या घेतात त्यांना ताप, इन्फेक्शन, मायग्रेन असं काहीतरी असतं, त्यांच्या घरातला आनुवंशिक वारसाही वेगळा असतो, आणि सख्ख्या भावंडांमध्ये यातलं बरंचसं आपोआप सारखं होतं. तिला हे पटलं का माहीत नाही. रात्री अकराला फोनवर सिब्लिंग कंट्रोल समजावून सांगणं हा माझ्या कामाचा भाग कधी झाला ते मला कळलं नाही, आणि त्याला कुठली ग्रांट नाही.

लसीचंही तेच. १९९८ मध्ये ब्रिटनमधले डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १२ मुलांवरचा, गोवराच्या एमएमआर लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा पेपर लॅन्सेट या जर्नलमध्ये आला, २०१० मध्ये मागे घेतला गेला, त्यांचं नाव डॉक्टरांच्या रजिस्टरमधून काढलं. मधल्या काळात आणि नंतरही जगभर तोच प्रश्न परत परत तपासला गेला, डेन्मार्कने २००२ मध्ये ५ लाख ३७ हजार मुलं बघितली, संबंध नाही, २०१९ मध्ये परत ६ लाख ५७ हजार मुलं, परत संबंध नाही. मला कुणी विचारलं की विज्ञानात पैसे वाया जातात का, तर मी हेच सांगेन. उत्तर आलेला प्रश्न पाचव्यांदा सोडवायचा तर त्याचे पैसे कुठून तरी येतात, आणि ते येतात ज्या प्रश्नाला अजून कुणी हात लावलेला नाही त्याच्या वाट्यातून. नोव्हेंबर २०२५ मध्ये सीडीसीने आपल्या वेबसाइटवरचं लसीबद्दलचं पान बदललं, आता तिथे लिहिलंय की लसींमुळे ऑटिझम होत नाही हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही. म्हणजे सहाव्यांदा सोडवायची तयारी.

आमच्या क्षेत्राला या असल्या वळणांचा जुनाच शाप आहे. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन लिहिलं, आजही वाचताना वाटतं की काय बारीक नजर होती माणसाची. आणि त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं हे सगळं थंड, माया न करणाऱ्या आयांमुळे होतं असं मोठमोठे लोक सांगत होते, रेफ्रिजरेटर मदर म्हणायचे त्यांना. हे कशाने हललं? बऱ्याच गोष्टींनी, पण त्यात एक ब्रिटनमधला १९७७ चा जुळ्यांचा अभ्यास होता, सुझन फोलस्टीन आणि मायकेल रटर यांचा. जुळ्यांच्या फक्त २१ जोड्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ मध्ये दोघांनाही ऑटिझम, वेगवेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांमध्ये एकाही जोडीत नाही. एवढंच, पण त्यातून दिसलं की यात आयांच्या मायेचा नाही, आनुवंशिकतेचा वाटा आहे. आजच्या एखाद्या समितीपुढे २१ जोड्या घेऊन गेलात तर सॅम्पल साइज लहान म्हणून परत पाठवतील. पण त्या जोड्या शोधायला त्यांनी देशभर पायपीट केली असणार, आणि त्या काळात कुणीतरी त्याचे पैसे दिले, सप्टेंबरपर्यंत उत्तर पाहिजे असं न म्हणता.

आता दुसरी बाजू, कारण ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. ऑटिस्टिक प्रौढ माणसं आम्हाला गेली कित्येक वर्षं विचारतायत की तुमचे हे सगळे पैसे कशासाठी? जीन्स, उंदीर, बाळांचे मेंदू, आणि आम्ही तीस-चाळीस वर्षांचे झालो, आम्हाला झोप लागत नाही, फिट्स येतात, नोकरीच्या इंटरव्ह्यूला पहिल्या दोन मिनिटांत बाहेर काढतात, आईबाप गेल्यावर राहायचं कुठे ते माहीत नाही, याच्यावर कोण काम करणार? ते चुकीचं बोलत नाहीयेत. प्रौढांच्या आयुष्यावर होणारा खर्च एकूण खर्चाचा अगदी छोटा तुकडा आहे, नेहमीच होता. आणि आमच्या स्टडीबद्दल बोलायचं तर, २०१७ मध्ये नेचरमध्ये एक पेपर आला, झोपलेल्या बाळांचे सहा आणि बारा महिन्यांना एमआरआय काढून त्यावरून दोन वर्षांचं निदान बऱ्यापैकी ओळखता येतं असं दाखवणारा, आमचं अख्खं क्षेत्र खूश झालं, मीसुद्धा. पण बारा महिन्यांना ओळखून करणार काय, जर थेरपीची वेटिंग लिस्ट वर्षभराची असेल? मी प्रत्येक अर्जात लवकर ओळखल्यास लवकर मदत असं लिहिते आणि ते लिहिताना दरवेळी हात जरा अडखळतो.

माझं मत असं की हे दोन्ही लागतं आणि ते एकमेकांचे शत्रू नाहीत, पण पैसे आटले की त्यांना शत्रू केलं जातं. तंगी आली की माणूस तेच लिहितो जे खपेल. कारण शोधणारं खपतं, यंत्र आणि एआय असलेलं खपतं. सपोर्टवरचं, प्रौढांवरचं काम आधी गळतं. आणि यावेळी तर काही विषय नुसते उच्चारणंच धोक्याचं झालं. सीडीसीच्या त्याच रिपोर्टमध्ये आहे की काळ्या, हिस्पॅनिक आणि आशियाई मुलांमध्ये निदानाचं प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आलंय, पूर्वी हे उलटं होतं, म्हणजे वर्षानुवर्षं ही मुलं मोजलीच जात नव्हती. यावर काम करायचं तर अर्जात वंश, विषमता हे लिहावंच लागतं. आणि ज्या ग्रांट्स रद्द झाल्या त्यात नेमक्या अशाच विषयांच्या पुष्कळ होत्या. माझ्या ओळखीतल्या एकीने अर्जातून ते सगळं काढलं, आता तिचा अर्ज अशा एका देशाबद्दल आहे जिथे सगळी मुलं एकसारखी आहेत. मी तिला नावं ठेवत नाही. तिच्याकडेही पोस्टडॉक आहेत.

आईबाप मला काय विचारतात ते सांगते. एका बाबांनी विचारलं की माझ्या मुलाचा डेटा कुठे जाईल, तुम्ही बंद पडलात तर? याचं उत्तर चांगलं आहे, तो नाव-पत्ता काढून राष्ट्रीय डेटा आर्काइव्हमध्ये जातो, दुसरं कुणीही परवानगी घेऊन वापरू शकतं. पण उणे ८० डिग्रीच्या फ्रीझरमधल्या नमुन्यांचं तेवढं सोपं नाही. फ्रीझरला वीज लागते, देखभाल लागते, रात्री दोनला अलार्म वाजला तर उठून जाणारं माणूस लागतं. २०१२ मध्ये बॉस्टनजवळच्या एका ब्रेन बँकेत फ्रीझर बंद पडला आणि ऑटिझमच्या मेंदूंच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहापैकी जवळपास एक तृतीयांश खराब झाला. कुणीतरी आपलं मूल गेल्यावर, त्या अवस्थेत, तो मेंदू दान केलेला होता. मी हे त्या बाबांना सांगितलं नाही.

एका आईने विचारलं, "तुम्ही पुढच्या वेळी असाल ना?" मी म्हणाले आत्ता जितकं माहीत आहे त्यानुसार चोवीस महिन्यांची व्हिजिट पक्की, त्यापुढचं मी मार्चपर्यंत सांगते. तिला हे उत्तर आवडलं नाही पण तिने वेळ लिहून घेतली.

तर सध्याची परिस्थिती अशी आहे. नवीन बाळं घेणं आम्ही थांबवलंय. जी स्टडीत आहेत त्यांना शेवटपर्यंत न्यायचं, पण सगळ्या व्हिजिट परवडत नाहीत, मग कुठली सोडायची यावर लॅबमध्ये दोन आठवडे वादावादी झाली. छत्तीस महिन्यांची सोडता येत नाही, निदानच तिथे होतं, ती नसेल तर आधीच्या सगळ्याला काही अर्थ नाही. आमची स्टॅटिस्टिशियन म्हणाली अठरा सोडा, बारा आणि चोवीसच्या मधली रेघ मॉडेलमध्ये ओढता येते. सायकॉलॉजिस्ट भडकली, म्हणाली काही मुलांमध्ये आलेले शब्द जातात, हसणं-बघणं कमी होतं, ते नेमकं त्याच सुमाराला होतं आणि तू तिथे रेघ ओढणार? दोघींचंही बरोबर होतं. शेवटी अठराची प्रत्यक्ष व्हिजिट काढून टाकली आणि त्याऐवजी घरी काढलेले व्हिडिओ आणि फोनवरची मुलाखत ठेवली, ईईजी नाही, एडॉस नाही. पाच वर्षांनी कुणी आमचा डेटा उघडला तर त्याला अठरा महिन्यांच्या रकान्यात २०२५ च्या शेवटापासून पुढे सलग रिकामे खाने दिसतील आणि मेथड्स सेक्शनमध्ये मी एक वाक्य लिहीन की निधीच्या उपलब्धतेनुसार प्रोटोकॉलमध्ये बदल करण्यात आला.

ग्रांटच्या अर्जाची पुढची तारीख ५ फेब्रुवारीची आहे. यावेळी बजेटमध्ये मी कोऑर्डिनेटरचा पगार पहिल्या ओळीत टाकलाय, माझ्या पगाराच्या वर, आणि जस्टिफिकेशनमध्ये निळ्या फुग्याचं वगैरे लिहिता येत नाही म्हणून "पार्टिसिपंट रिटेन्शन" असं लिहून ठेवलंय. मोबदल्याची रक्कम अजून ठरायचीये, पेट्रोलचा दर बघून.